गुरुवारची धार

"ताई, हे चालू हाय की अजून."

मच्छिंद्रभाऊंचं डोकं बाथरूमच्या माळ्यात होतं, पाय स्टुलावर. त्यांचा आवाज फरशांवर आपटून खाली आला.

"काय चालू आहे?"

"मीटर. आकडा दाखवतोय. दिवा बी लुकलुकतोय."

"आमोददादाने तेराव्यानंतर सगळं बंद केलं होतं. फ्रिजसुद्धा."

"बटणं बंद केली आसतील. ह्याला बटणच नाय. सायबांनी ठेवलंच नाय."

हे मला माहीत असायला हवं होतं. बटण ठेवलं की कोणीतरी ते बंद करतं, असं बाबा म्हणायचे. मी स्टूल धरून उभी होते. माळ्यातून धूळ खाली येत होती आणि तिच्यात बाबांनी कधीतरी गुंडाळून ठेवलेल्या चिकटपट्टीचा वास होता.

एक तारखेला या घरात तीन मुलं राहायला येणार होती, स्पर्धा परीक्षांची. एजंटने घर पाहिलं तेव्हा माळ्यातून निघून दारावरून जिन्यात जाणारी राखाडी तार त्याला आवडली नव्हती. "मॅडम, हे काय आहे? हे काढून टाका. मुलं घाबरतात." म्हणून मी मच्छिंद्रभाऊंना बोलावलं. ते बाबांच्या हाताखाली काम केलेले. हिंजवडीत त्यांच्या शेतावर आता काचेची इमारत उभी आहे, त्यांना काम करायची गरज नाही. पण फोनवर मी "बाबांचा मीटर काढायचाय" म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले, "दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

बाबांनी, म्हणजे अनंत पटवर्धनांनी, सगळी नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात केली. पाइपातून किती पाणी, किती तेल जातंय हे मोजणारे मीटर तिथे बनत. बाबांचं काम त्या मीटरमधून बाहेर येणाऱ्या तारांचं. ठरावीक पाणी गेलं की मीटर विजेची एक टिचकी देतो. तिला ते पल्स म्हणत. त्या टिचक्या दूरच्या खोलीत नेऊन मोजायच्या, आणि त्या थांबल्या की तिथे घंटा वाजेल अशी जोडणी करायची. "मोजणं मीटरचं काम," ते म्हणत, "लांब बसलेल्या माणसाला कळवणं माझं." स्वतः मात्र कोणाला काही कळवण्यातले नव्हते. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं मला टाके काढल्यावर समजलं.

आई गेल्यावर मी त्यांना वारज्याला माझ्याकडे या म्हटलं. ते आले, आठवडाभर राहिले आणि सदाशिव पेठेत परत गेले. "तुझ्याकडे पुस्तकं फार आहेत, बसायला जागा नाही," म्हणाले. मग कारखान्यातून भंगारात निघालेला एक छोटा मीटर त्यांनी आणला आणि घराच्या पाण्याच्या पाइपावर बसवला. माणूस उठला की पाणी वापरतो. चूळ भरतो, चहा टाकतो, संडासला जातो. दहा तास घरात पाणीच वापरलं गेलं नाही, म्हणजे माणूस उठलेला नाही. मग जिन्यापलीकडे कुसुमकाकूंच्या स्वयंपाकघरात घंटा वाजणार. काकूंकडे आमच्या लॅचची किल्ली. घंटा थांबवायची असेल तर एकच उपाय, या घरातला नळ सोडायचा.

मला रोज फोन करावासा वाटे. त्यांना तो आवडत नसे. "घंटा आहे ना," म्हणायचे.

तार कोणी कापली, उंदराने खाल्ली, वीज गेली, तरी घंटा वाजेल अशीच त्यांनी ती जोडली होती. गप्प बसायचं असेल तर सगळं ठीक असलंच पाहिजे, बिघडलं की ओरडलंच पाहिजे, हा त्यांचा नियम. मला हे समजावताना ते पहिल्यांदाच माझ्याशी त्यांच्या कामाबद्दल इतका वेळ बोलले होते. मी चहा करत होते आणि त्यांनी ओट्यावर बोटाने तारा काढून दाखवल्या होत्या.

बाबा एका शनिवारी रात्री झोपेत गेले. डॉक्टरांनी सांगितलं, काही करता आलं नसतं, कोणी शेजारी बसलं असतं तरी. ते सोमवारी सकाळी कामाला आलेल्या रुपालीला दिसले. तिची रविवारी सुट्टी असते. संपूर्ण रविवार बाबा आतल्या खोलीत होते, आणि जिन्यापलीकडे काकू होत्या.

आज सकाळी आल्या आल्या मी त्यांच्याकडे गेले. घंटेची तार त्यांच्या भिंतीतूनही सोडवावी लागणार होती. काकू शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांनी दार उघडलं तेव्हा कानात मशीन होतं, आणि ते जागेवर आहे ना हे त्यांनी माझ्यासमोर दोनदा चाचपून पाहिलं. पूर्वी घरात त्या ते काढून ठेवत. शिट्टी वाजते म्हणून.

"आज काढणार?"

"हो. मच्छिंद्रभाऊ येतायत."

"बस. चहा घे." आणि चहा न करताच त्या समोर बसल्या. घंटा त्यांच्या ओट्याच्या वर होती, कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीची असावी तेवढी मोठी. तिच्यावरची धूळ पुसलेली होती.

"काकू, आता झोपतानाही मशीन घालता का?"

"कोण म्हणालं?"

"रुपाली."

"तिला भांडी घासायचे पैसे देते, बातम्या द्यायचे नाही." मग त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "शनिवारी बॅटरी संपली. रविवारी ते दुकान बंद. म्हटलं, एका दिवसाने काय होतंय. काय ऐकायचंय मला असं."

"काकू, ती वाजली होती की नाही, हे कोणालाच..."

"वाजली असणारच." त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "अनंतरावांचं काम चुकायचं नाही, कल्याणी. तार तुटली तरी वाजते, दिवे गेले तरी वाजते, मला सगळं पाठ करून घेतलं होतं त्यांनी. वाजली ती. दिवसभर वाजली. मी इथे या खुर्चीवर बसून पेपर वाचत होते, आणि ती माझ्या डोक्यावर वाजत होती."

त्यांची बाबांच्या कामावर इतकी श्रद्धा होती की तिच्यात स्वतःला सोडवायला फटच राहिली नव्हती. बाबा गेल्यापासून त्या आमच्या घरात एकदाही आल्या नव्हत्या. तेराव्याला पान वाढलं तेव्हाही उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेल्या.

म्हणून आता माळ्यातून "चालू हाय" ऐकल्यावर मी स्टूल धरून तशीच उभी राहिले. आमोददादा कुलूप लावून गेला त्याला बरेच दिवस झाले होते. घरात कोणी नव्हतं. नळ कोणी सोडला नव्हता. माझी आणि काकूंची, दोघींचीही समजूत होती की यंत्र बंद केलेलं आहे. ते चालू होतं.

"मच्छिंद्रभाऊ, मग घंटा का वाजली नाही?"

त्यांचे पाय स्टुलावर वळले.

"म्हंजे?"

"इतके दिवस घर बंद आहे. इतक्यात वाजायला हवी होती ना?"

ते खाली वाकले. त्यांच्या भुवयांवर जाळं लागलं होतं. "सगळे नळ बंद हायेत?"

"बंदच आहेत."

"परत बघा."

मी स्वयंपाकघरातला पिळून पाहिला, बेसिनचा, मोरीतला. सगळे कोरडे. बाबा वायसर स्वतः बदलायचे. आमच्याकडे नळ गळतोय असं कधी झालं नाही. "बंद आहेत," मी ओरडले.

"मग पाणी जातंय कुटं? आकडा हाय हितं. बारीक हाय, पण हाय."

मी संडासात गेले. काही दिसत नव्हतं, आवाजही नव्हता. मग सहज कमोडच्या मागच्या पांढऱ्या भागावर बोट लावलं. बोट ओलं झालं. केसाएवढी धार, काचेसारखी, पांढऱ्यावरून खाली सरकत होती. मोबाइलचा दिवा बाजूने धरला तरच दिसत होती.

"फ्लश गळतोय."

"त्याचा कॉक बंद करा."

मी टाकीखालचा कॉक फिरवला. वरून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग मच्छिंद्रभाऊ म्हणाले, "झाला शून्य."

ते खाली उतरले, स्टुलावर बसले आणि रुमालाने मान पुसत राहिले. "पण आसं व्हायला नको, ताई. मीटरला सांगून ठेवायचं आसतं, अमक्यापेक्षा बारीक धार आली तर ती धरू नको म्हणून. गळती, थेंब, पाइपातली हालचाल, ते सगळं शून्य. नायतर मीटर रातभर खोटं मोजत बसतो. ही पहिली गोष्ट सायेब शिकवायचे." ते थांबले. "मी आता बघितलं. ती मर्यादा कुणीतरी पार खाली आणून ठेवलीया. जवळजवळ नायच."

"कोणी?"

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. माळ्यात बाबांशिवाय कोणी चढत नसे.

आणि मला तो गुरुवार आठवला.

थंडीचे दिवस होते. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद, अशी बातमी पेपरात आली होती. इमारतीची टाकी तळाला गेली होती. बाबा नेहमीसारखे पहाटे उठले, बुधवारी भरून ठेवलेल्या पाण्यात चहा केला, बादलीतल्या पाण्याने आंघोळीला बसले आणि नळाला येत होती ती बारीक धार तांब्यात धरली. त्यांनी शिकवलेल्या नियमाप्रमाणे मीटरने ती धार शून्य धरली. सकाळी काकूंकडे घंटा वाजू लागली. काकू किल्ली घेऊन धावल्या. खालच्या मजल्यावरचे रविराज आणि त्यांची बायको जिना चढून आले. तिघं आत घुसले तेव्हा बाबा तोंडाला साबण, कमरेला टॉवेल अशा अवस्थेत मोरीच्या दारात उभे होते. काकू म्हणाल्या, "कुकर गॅसवर ठेवून आलेय मी. पुढच्या वेळी खरंच काही झालं की मगच वाजवा."

हे मला बाबांनीच फोनवर सांगितलं होतं. सांगताना ते इतके हसले होते की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. त्यांनी हसत सांगितलेल्या गोष्टी मी फारच थोड्या ऐकल्या आहेत, म्हणून ती लक्षात राहिली. शेवटी ते म्हणाले होते, "आता नाही त्यांना त्रास व्हायचा. बंदोबस्त केलाय."

मी मच्छिंद्रभाऊंना एवढंच सांगितलं, की एकदा पाणी कमी असताना घंटा उगाच वाजली होती.

"बरोबर. म्हणून बारीक धार बी मोजायला लावली." त्यांनी रुमालाची घडी केली, परत उलगडली. "आन् फ्लश मागनं कवातरी गळायला लागला आसंल. सायबांचा कान काय आता पहिल्यासारखा नव्हता." रविवारी या घरात अधूनमधून एक टिचकी जात राहिली होती. तारेच्या दुसऱ्या टोकाला बाबा उठले होते, चहा पीत होते, हात धूत होते.

मच्छिंद्रभाऊंनी रुमाल खिशात घातला.

"काकूंना सांगणार?"

"सांगायला हवं. त्यांना वाटतंय ती वाजली आणि त्यांना ऐकू आली नाही."

"सांगा. पण सायबांकडनं चूक झाली, आसं नका सांगू, ताई. तीस-पस्तीस वर्सांत त्या माणसाची एक घंटा मुकी राहिली नाय. लोकं अजून नाव काढत्यात." ते अजिजीने बोलत होते. "उंदरानं तार खाल्ली म्हना."

"तार तुटली तर वाजते."

"हां. मग लाइट गेलीती म्हना."

"लाइट गेली तरी वाजते. काकूंना पाठ आहे सगळं."

ते हसले आणि लगेच त्यांचे डोळे भरले. "काय माणूस. खोटं बोलायला बी जागा ठेवली नाय."

आम्ही दोघं त्या अरुंद बाथरूमच्या दारात तसेच होतो. मला वाटत होतं, काकूंची सुटका करायची तर बाबांना चुकीचं ठरवावं लागेल. दुसरी वाटच नाही. बाबांनी आयुष्यभर कोणाकडून शाबासकी मागितली नाही. त्यांच्या नावावर जे काही होतं ते एवढंच होतं, की त्यांची घंटा वाजते. आणि ते आता मी जिना ओलांडून जाऊन मोडणार होते.

"काढायच्या आधी एकदा वाजवून बघू," मी म्हटलं. "वाजते का ते तरी."

"बघू की. टायमर कमी करतो. मिनिटभराचा." ते परत वर चढले.

"थांबा, काकूंना सांगून येते. घाबरतील."

"हां, सांगा," ते माळ्यातून म्हणाले, पण त्यांचा हात तोवर टायमरवर गेला होता. मी मधल्या खोलीत आले. आतल्या खोलीत बाबांच्या कॉटवरची गादी गुंडाळलेली दिसत होती. मी चपला शोधत होते, एक बांधलेल्या खोक्यामागे गेली होती. ती काढायला वाकले आणि घंटा वाजली.

दोन दारं आणि जिना ओलांडूनही ती अंगावर आली. कारखान्याची घंटा होती ती, यंत्रांच्या आवाजात माणसांना ऐकू जावी म्हणून केलेली. मी सरळ उभी राहिले तोवर आमच्या दारात लॅच फिरली.

बेल नाही, हाक नाही. किल्ली फिरली आणि दार उघडलं. कुसुमकाकू आत आल्या. त्या नुकत्याच न्हाऊन आल्या होत्या. केस ओले, पंचा खांद्यावर, पदर कसातरी खोचलेला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. माझ्या बाजूने त्या सरळ आतल्या खोलीत गेल्या, बाबांच्या कॉटपाशी, आणि गुंडाळलेल्या गादीसमोर थांबल्या.

मी मागोमाग गेले. घंटा वाजतच होती.

"काकू," मी म्हटलं. "काकू, आम्ही तपासून बघत होतो. मी सांगायला येणारच होते."

त्यांनी वळून माझ्या ओठांकडे पाहिलं. मग हळूच हात कानाकडे नेला. कान मोकळा होता. आंघोळीला जाताना काढून ठेवलेलं मशीन तिकडेच राहिलं होतं. त्या तशाच कानावर हात ठेवून ऐकत राहिल्या. मी त्यांना ऐकू दिलं.

मग जवळ जाऊन, मोठ्याने आणि सावकाश सांगितलं, "त्या रविवारी ती वाजली नव्हती. फ्लश गळत होता, अगदी बारीक. मीटरला वाटलं घरात पाणी वापरलं जातंय. ती वाजलीच नाही, काकू."

"वाजली नाही?"

"नाही."

"म्हणजे अनंतराव चुकले."

मी मान डोलावली.

"गळक्या फ्लशने फसवलं त्यांना," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा कोरडा होता. "जन्मभर लोकांच्या कारखान्यातल्या गळत्या धरल्या." त्या कॉटच्या कडेवर बसल्या. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच या घरात बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी त्या गुरुवारी त्यांना जरा जास्तच बोलले होते. सगळ्यांसमोर."

"बाबांनी मला सांगितलं होतं. फोनवर."

"काय म्हणाले?"

"हसत होते. खूप हसत होते."

हे खरं होतं. बाकीचं मी सांगितलं नाही. मच्छिंद्रभाऊ माळ्यातून सगळं ऐकत असावेत, त्यांची खुडबूड थांबली होती.

"आता थांबवा ना ती," काकू म्हणाल्या. "अख्खी इमारत गोळा होईल." मग स्वतःच उठल्या. त्यांना उपाय माहीत होता. किल्ली अजून मुठीतच होती. ती त्यांनी ओट्यावर ठेवली, आणि बाबांचा स्टीलचा पेला, जो बांधाबांधीतून राहून गेला होता, तो नळाखाली धरला. नळ सोडला. पाणी आधी फुरफुरलं, मग सरळ आलं.

जिन्यापलीकडची घंटा थांबली. ती थांबल्यावर पाण्याचा आवाज केवढा मोठा वाटला.

"येतंय, ताई," माळ्यातून मच्छिंद्रभाऊ म्हणाले. "मोजतंय बरोबर."

पेला भरला आणि वाहू लागला. बाबांच्या घरात नळ असा उगाच कधी सोडलेला नव्हता. काकूंनी तो बंद केला नाही. मीही केला नाही.